आडनावाचा रकाना: एका पेपरच्या एका सत्राच्या नोंदी

पुण्यातल्या एका कॉलेजात ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ हा दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह पेपर मी शिकवते. दोन वर्षं एकाच नोट्सवर काढली. या जुलैपासून तो उसवून नव्याने शिवायला घेतला. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात कुणाला असंच काही करून बघायचं असेल तर माझे पडलेले टाके कामाला येतील, म्हणून या नोंदी. विद्यार्थ्यांची नावं लिहिलेली नाहीत. प्रसंग त्यांना विचारून घेतलेत, ज्यांनी नको म्हटलं त्यांचे गाळलेत.

१७ जून २०२५, मंगळवार

मागच्या बॅचच्या उत्तरपत्रिका कपाटातून काढून पुन्हा वाचल्या. ‘उच्च-संदर्भ आणि अल्प-संदर्भ संस्कृतींमधील फरक सोदाहरण स्पष्ट करा.’ (म्हणजे कुठे बरंचसं न बोलता समजून घ्यायचं असतं आणि कुठे सगळं शब्दांत सांगतात.) ३८ पैकी ३३ जणांनी जपान आणि जर्मनी लिहिलंय, कारण माझ्या नोट्समध्ये जपान आणि जर्मनी आहे. त्याला मी चांगले गुणही दिलेत. त्याच बॅचमधल्या मणिपूरच्या मुलीला वर्षभर कुणी प्रोजेक्टच्या गटात घेतलं नाही, हे मला निरोपसमारंभाच्या दिवशी कळलं. तीही याच वर्गात बसून जपान-जर्मनी लिहून घेत होती.

अभ्यासक्रम अभ्यास मंडळाने मंजूर केलेला आहे, त्यातला शब्दही मला हलवता येत नाही. चार युनिटं आहेत: संस्कृती म्हणजे काय (इथे पाण्यातल्या हिमनगाचं ते चित्र: वर दिसतं थोडं, खाली दडलेलं जास्त), एडवर्ड हॉल (उच्च-संदर्भ, अल्प-संदर्भ हे त्यांचंच), हॉफस्टेड (देशोदेशींच्या संस्कृती आकड्यांत मोजणारे) आणि व्यावसायिक शिष्टाचार. पण एकूण ३० तास कसे वापरायचे आणि ५० पैकी अंतर्गत २० गुण कशाला द्यायचे, एवढं माझ्या हातात आहे. ठरलं: युनिटं तीच, पण क्रम उलटा. आधी प्रसंग, मग सिद्धांत, तोही लागेल तेवढाच. विभागप्रमुख म्हणाले, “करा, पण सीओ-पीओच्या तक्त्यात बसवा म्हणजे झालं.” या पेपरमधून काय साध्य होणार आणि ते पदवीच्या उद्दिष्टांशी कसं जुळतं, याचा तो तक्ता. भरायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

७ जुलै, सोमवार

पहिला तास. काल आषाढी झाली, त्यामुळे निम्मा वर्ग गावाहून परतलेला नाही असं धरून गेले, पण ४६ पैकी ४१ हजर. पुणे-पिंपरी चिंचवडचे २१, राज्यातल्या इतर जिल्ह्यांचे १७, इतर राज्यांचे ५, परदेशी ३.

हजेरी घेतली. यादी संगणकातून येते आणि तीत आडनाव आधी असतं. एका नावापाशी अडले. पहिला शब्द तीनदा पुकारला, उत्तर नाही. ‘गैरहजर’ लिहिणार तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक हात अर्धवट वर आला. इथिओपियाची मुलगी. हिंदी-इंग्रजी मिसळून म्हणाली, “मॅम, ते माझे आजोबा.”

वर्ग हसला, ती नाही. मग तिनेच फळ्यावर लिहून दाखवलं. त्यांच्याकडे आडनाव नसतं. पहिलं स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. हाक स्वतःच्याच नावाने मारायची, अगदी आदराने सुद्धा. कॉलेजच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना सक्तीचा होता, म्हणून तिने तिथे तिसरं नाव घातलं. गेलं वर्षभर प्रत्येक सर-मॅडम तिला तिच्या आजोबांच्या नावाने हाक मारतायत आणि ती हजर म्हणतेय. आज नाही म्हणाली, कारण या पेपरचं नाव वाचून आली होती.

सोलापूरचा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आपल्यासारखंच की. स्वतःचं, वडिलांचं. फक्त पुढचं शेपूट नाही.”

मी पहिल्या तासाला हिमनग दाखवणार होते. स्लाइड उघडलीच नाही.

१४ जुलै, सोमवार

हॉफस्टेड लवकर उरकायला गेले आणि फसले. तक्ता लावला: सत्ता-अंतर, भारत ७७. म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ ही उतरंड लोक मुकाट मान्य करतात त्याचं माप. अरुणाचलच्या मुलाने विचारलं, “मॅम, या ७७ मध्ये मी आहे का?” मी म्हटलं, सरासरी आहे. तो म्हणाला, “कोणाची?”

प्रश्न बरोबर होता. मूळ आकडेवारी एकाच कंपनीच्या, आयबीएमच्या, निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ च्या सुमाराला भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून आली. एक लाखाहून जास्त प्रश्नावल्या, हे खरं. पण त्या वेळचा आयबीएममधला भारतीय माणूस आणि आजचा इटानगरचा मुलगा, बीडचा मुलगा, कोथरूडची मुलगी यांना एकाच आकड्यात कोंबून मी दोन वर्षं शिकवत होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून सांगत नव्हते.

तक्ता ठेवला, पण आता त्याच्याखाली ‘कुणाला विचारून?’ असं लिहिलेलं असतं.

२१ जुलै, सोमवार

प्रसंगवह्या वाटल्या. दोनशे पानी नाही, साध्या पातळ. ४६ वह्या, २५ रुपयांप्रमाणे ११५० रुपये. दर आठवड्याला स्वतःच्या बाबतीत घडलेला एक घोटाळा लिहायचा, तीन रकान्यांत: काय दिसलं-ऐकलं, मला काय वाटलं, आणखी काय असू शकेल. ही पद्धत माझी नाही. आधी वर्णन, मग अर्थ, मग मत, अशी विभागणी या विषयात पन्नासेक वर्षं शिकवतात. मी फक्त वहीत आणली. भाषा कुठलीही चालेल असं सांगितलं.

२८ जुलै, सोमवार

वह्या वाचल्या. रडू आणि हसू एकदम.

४६ पैकी ११ वह्यांत एकच प्रसंग: टोकियोत बिझनेस कार्ड एका हाताने दिलं, समोरचा नाराज झाला. अकराही जण टोकियोला कधी गेले होते म्हणे? सात जणांनी ‘थम्ब्स अप’चा काही देशांत वेगळा अर्थ होतो ते लिहिलंय. वाक्यरचना इतकी गुळगुळीत की कुणाकडून लिहून घेतलंय ते विचारायची गरज नव्हती. एकाने तर खालचं ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ हे वाक्यही उतरवून काढलंय.

दोष मुलांचा कमी, माझा जास्त. ‘संस्कृती’ हा शब्द ऐकला की मुलांना विमानतळ दिसतो. तो मीच दाखवलाय.

४ ऑगस्ट, सोमवार

नवे नियम फळ्यावर: गेल्या सात दिवसांतला प्रसंग. इथून दहा किलोमीटरच्या आत. त्यात तुम्ही स्वतः असायला हवं. देशाचं, राज्याचं, धर्माचं नाव पहिल्या रकान्यात चालणार नाही. विशेषणंही नाहीत. ‘उद्धटपणे म्हणाली’ असं लिहायचं नाही, काय शब्द म्हणाली ते लिहायचं.

विशेषणांच्या बंदीचा एवढा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं. दोन नमुने देते.

चंद्रपूरच्या मुलाने गटातल्या सदाशिव पेठेतल्या मुलीला विचारलं, “काय बे, झालं का?” ती उठून दुसऱ्या बाकावर गेली आणि तीन दिवस बोलली नाही. तिच्या वहीत दुसऱ्या रकान्यात: ‘मला भांडायला आला.’ त्याच्या वहीत: ‘मी जवळचं समजून बोललो, तिला मी गावंढळ वाटलो.’ विदर्भात मित्राला ‘बे’ म्हणतात ते कौतुकाने, पुण्यात तो शब्द कानाखाली लागतो. दोघांच्या वह्या मी एकमेकांना वाचायला दिल्या, अर्थात विचारून. आता ती त्याला ‘काय बे’ म्हणते. चुकीच्या ठिकाणी म्हणते, पण म्हणते.

दुसरा नमुना, अरुणाचलचा मुलगा. पेइंग गेस्ट म्हणून राहतो तिथल्या काकूंना निघताना म्हणाला, “काकू, मी जातो.” काकू दारात आडव्या झाल्या, “जातो नाही म्हणायचं, येतो म्हण.” त्याला वाटलं त्याचं मराठी चुकलं. त्याने वहीत ‘जातो’ची सगळी रूपं लिहून काढली होती. व्याकरण बरोबरच होतं.

११ ऑगस्ट, सोमवार

पत्ते. बार्नगा नावाचा खेळ आहे, शिवशैलम त्यागराजन यांनी १९८० मध्ये लायबेरियात असताना बनवलेला. प्रत्येक टेबलाला नियमांचा कागद मिळतो. वाचून झाला की कागद परत, आणि तिथून पुढे बोलायला बंदी. जिंकणारा वरच्या टेबलावर, हरणारा खालच्या. कुणालाच माहीत नसतं की प्रत्येक टेबलाचे नियम जरा जरा वेगळे आहेत. कुठे एक्का सगळ्यात मोठा, कुठे सगळ्यात लहान, कुठे हुकूम इस्पिक, कुठे बदाम, कुठे हुकूमच नाही.

पत्त्यांचे आठ कॅट, ७० रुपयांप्रमाणे ५६०. प्रत्येक कॅटमधले एक्क्यापासून सत्तीपर्यंतचे २८ पत्ते वेगळे काढायला घरी दोन तास, त्यात लेकीने मदत केली म्हणून दोनच.

पूर्ण फसलं. कारणं क्रमाने:

आठ टेबलं मांडली त्या वर्गाच्या खिडक्या कॉरिडॉरकडे. दहाव्या मिनिटाला प्राचार्य दारात. मुलांना बोलायला बंदी, त्यामुळे “काय चाललंय?” याला ४३ जण गप्प. मलाच बाहेर जाऊन सांगावं लागलं. मी समजावून परत येईपर्यंत चौथ्या टेबलावरून आवाज आला, “अरे येड्या, हुकूम इस्पिक आहे!” संपला खेळ.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि ते मला घरी आल्यावर सुचलं. मेंढीकोट खेळत मोठी झालेली मुलं ‘हुकूम’, ‘हात करणं’ सगळं जाणतात. येमेनचा मुलगा आणि आणखी आठ-दहा जणांनी आयुष्यात पत्ता धरलेला नव्हता. दोन मुलींच्या घरी पत्ते म्हणजे जुगार, त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. या सगळ्यांना खेळ चालू व्हायच्या आधीच परकं वाटलं, आणि त्यांना तसं वाटायला लावलं ते मी.

२५ ऑगस्ट, सोमवार

दुसरा प्रयत्न. बुधवारी गणपती बसणार, वर्गाचं निम्मं लक्ष ढोलाच्या सरावाकडे. तरी घेतला.

बदल: पत्त्यांऐवजी कार्डबोर्डच्या चौकोनांवर चार रंग आणि १ ते ७ आकडे. एक्का नाही, राजा-राणी नाही, ‘हुकूम’ हा शब्दच नाही, ‘वरचढ रंग’ असं लिहिलं. खेळ सगळ्यांनाच नवा. आधीच्या तासाला पंधरा मिनिटं उघड सराव. आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावरचा, मागचा. कार्डबोर्ड ग्रंथालयात पडलेल्या खोक्यांचा, खर्च शून्य, कापायला दोन मुलांच्या दोन दुपारी.

या वेळी चाललं. तिसऱ्या फेरीत पुण्याची एक मुलगी, जी वर्गात नेहमी पहिलं उत्तर देते, ती दुसऱ्या टेबलावरच्या मुलाचा हात धरून त्याने जिंकलेले पत्ते त्याच्याकडून ओढून घेत होती. तोंड बंद, डोळे मोठे. तिच्या टेबलावर निळा वरचढ, त्याच्या टेबलावर काहीच नाही. नंतर तिने लिहिलं: ‘तो चीटिंग करतोय याची मला शंभर टक्के खात्री होती.’ येमेनच्या मुलाने लिहिलं: ‘नियम बदललेत हे मला पहिल्याच पत्त्याला कळलं. मला रोज असंच वाटतं, म्हणून मी शांत बसलो आणि बघितलं.’ तो त्या दिवशी सगळ्यात वरच्या टेबलावर पोचला होता.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीसाठी जिओटॅग (ठिकाण नोंदलेला) फोटो काढायचा राहिला. त्यावरून ऐकून घेतलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

तास नव्हता. इथिओपियाची मुलगी स्टाफरूममध्ये लाह्या घेऊन आली. आज त्यांचं नवं वर्ष, २०१८ सुरू झालं. इतिहासाचे सर म्हणाले, “म्हणजे तुम्ही आमच्यापेक्षा लहान?” ती म्हणाली, “हो सर, आणि महिने तेरा. त्यामुळे भाडं जास्त.” (विनोद तिचा. तेरावा महिना पाचसहा दिवसांचाच असतो.)

माझा एक जुना घोळही आजच उलगडला. तिला काही विचारलं की ती दचकल्यासारखा श्वास आत ओढते. मी जुलैपासून घाबरून “काय झालं? काय झालं?” विचारतेय आणि ती प्रत्येक वेळी पुन्हा तसाच श्वास घेते. आज तिने सांगितलं: त्यांच्याकडे तो ‘हो’ आहे. दोन महिने ती मला ‘हो’ म्हणत होती आणि मी पाण्याची बाटली पुढे करत होते. माझ्याच वहीत पहिला रकाना विशेषणाशिवाय लिहिला असता तर हे जुलैतच कळलं असतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

सत्रातली माझी सर्वांत मोठी चूक. जशी झाली तशी लिहिते.

वहीला दहा गुण. तिन्ही रकान्यांना गुण वाटून दिले होते. तिसरा रकाना रिकामा असेल तर दोन गुण कमी. बीड जिल्ह्यातल्या एका मुलाच्या वहीत असं होतं.

पहिला रकाना: ‘खोली बघायला गेलो. मालकांनी खोली दाखवली. पंखा लावून दाखवला. भाडं सांगितलं. मी हो म्हटलं. त्यांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, पूर्ण नाव. मी आडनाव सांगितलं. ते म्हणाले, बघू, सांगतो. पंखा बंद केला.’

दुसरा रकाना: ‘मला कळलं.’

तिसरा रकाना: रिकामा.

मी दोन गुण कापले आणि लाल पेनाने लिहिलं, ‘दुसऱ्या बाजूचाही विचार करा.’ सोमवारी वही परत दिली. त्याने उघडून बघितली, बंद केली आणि बॅगेत ठेवली. तास संपल्यावर म्हणाला, “मॅडम, दुसरी बाजू कोणती लिहू?”

मला उत्तर देता आलं नाही.

मी रकाना आखला तेव्हा माझ्या डोक्यात ‘जातो-येतो’ होतं, ‘काय बे’ होतं. ज्याला गैरसमज म्हणतात ते. इथे गैरसमज कुठेच नव्हता, दोघांनाही सगळं समजलं होतं. त्या ‘बघू, सांगतो’चा अर्थ लावायला हॉलचा उच्च-संदर्भ लागत नाही. आणि माझी वही त्या मुलाला सांगत होती की त्या माणसासाठी एखादा बरा अर्थ शोधून काढ, त्याचे दोन गुण आहेत. या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत ‘भिन्नता’ असते, ‘संवेदनशीलता’ असते. जात कुठल्या युनिटमध्ये येते हे मी आज शोधलं. चार युनिटांत कुठेच नाही.

त्याच्यापाशी माफी मागितली, एकट्यात. वर्गापुढे मागू का, असं विचारलं. तो म्हणाला, “नको. वहीतलं खोडा फक्त.” खोडलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

दुरुस्त्या:

तिसरा रकाना ऐच्छिक. त्याच्या डोक्यावर आता एक प्रश्न: ‘हा घोटाळा समजण्यातला आहे का?’ नाही असेल तर रेघ मारायची, गुण पूर्ण.

चौथा रकाना नवा: ‘विचारलं का? काय उत्तर मिळालं?’ याला सर्वांत जास्त गुण द्यायचा मोह झाला होता. मग त्या घरमालकाला जाऊन विचारणारा मुलगा डोळ्यांपुढे आला आणि तोही ऐच्छिक केला.

गुण आता फक्त पहिल्या रकान्याला, किती बारीक पाहिलंय त्याला. सुरुवातीला ‘दृष्टिकोनातील बदल’ याला तीन गुण ठेवले होते. त्याचा परिणाम म्हणजे प्रत्येक वहीच्या शेवटी ‘यातून मी शिकलो की सर्व संस्कृतींचा आदर करावा.’ ते तीन गुण काढल्याबरोबर ते वाक्य वर्गातून नाहीसं झालं.

एक वही चार मिनिटांत वाचून होते. ४६ वह्या म्हणजे आठवड्याला तीन तास. हे गृहीत धरूनच कामाला लागा, मी धरलं नव्हतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जर्मनीतल्या एका उपयोजित विज्ञान विद्यापीठाच्या वर्गाबरोबर ऑनलाइन जोडकाम. ओळखीतून जमलं, करारबिरार काही नाही. काम: शहरात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यासाठी ‘पहिले चौदा दिवस’ अशी दोन पानी माहितीपत्रिका. त्यांनी त्यांच्या शहराची, आम्ही पुण्याची, आणि दुसऱ्याची वाचून सुधारायची.

संगणक प्रयोगशाळेत एकाच माइकपुढे नऊजण. मोफत झूम चाळीस मिनिटांनी तुटलं, नेमकं येमेनचा मुलगा बोलत असताना. परत जोडायला अकरा मिनिटं. उद्या माइक-स्पीकर आणते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

माइक-स्पीकर २३०० रुपये. तीन कोटेशनं घेऊन खरेदी करायची तर डिसेंबर उजाडला असता, म्हणून स्वतःच्या पैशांनी.

तिसऱ्या गटात वादावादी. “शुक्रवारपर्यंत नक्की पाठवतो” असं आमच्या गटाने सांगितलं होतं. शुक्रवारी काही गेलं नाही. शनिवारी सकाळी तिकडून एका ओळीचा निरोप: ‘काल काही आलं नाही. का?’ आमच्या गटातली मुलगी माझ्याकडे आली, आवाज भरलेला. “मॅडम, असं ‘का?’ म्हणून विचारतात का कुणी?”

तिकडच्या सरांनी त्यांच्या मुलांच्या नोंदी मला पाठवल्या. त्यात होतं: ‘भारतीय संस्कृती नाही म्हणत नाही.’ मला हे वाचून आधी राग आला. मग मी आमच्या पाचजणांना बसवून विचारलं. तिघांची गुरुवार-शुक्रवारी अंतर्गत परीक्षा होती. चौथा रात्री पार्सल पोचवायचं काम करतो, त्याला झोपायला चार तास मिळतात. मग हे कळवलं का नाही? “आपल्या अडचणी त्यांना काय सांगायच्या.” म्हणजे तिकडच्या मुलांचं अर्धं बरोबर होतं, पण बाकीच्या अर्ध्यात परीक्षा होती, पार्सलं होती, आणि ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

आमच्या मुलांनी मग स्वतःच सगळं लिहून पाठवलं. उत्तर दहा मिनिटांत: ‘सांगितल्याबद्दल आभार. मग मंगळवार चालेल.’ ती मुलगी म्हणाली, “एवढंच?”

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतरची पहिली भेट. नेहमीप्रमाणे साडेचारला सगळे प्रयोगशाळेत. पडद्यावर कुणी नाही. पावणेपाच, कुणी नाही. एकजण म्हणाला, “बघा, जर्मन लोक वेळेचे पक्के.”

चूक माझी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात. २६ तारखेला गेली. त्यांचा दुपारी एक म्हणजे आमचे आता साडेचार नाहीत, साडेपाच. निरोपात मी फक्त ‘नेहमीची वेळ’ लिहिलं होतं. आणि साडेपाचला शिपाईमामा प्रयोगशाळेला कुलूप लावतात.

मामांना विनंती करायला एकजण गेला, तोवर वेळ काढायचा होता. इथिओपियाची मुलगी फळ्यापाशी गेली आणि घड्याळ काढलं. त्यांच्याकडे दिवस उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक. “आत्ता माझ्या आईकडे दुपारचे दोन वाजलेत, आणि ती म्हणत असेल आठ वाजले.” पोरं वेडी झाली. प्रत्येकजण आपापली वेळ तिच्या घड्याळात बसवायला लागला. बीडचा मुलगा सहसा बोलत नाही, तो म्हणाला, “आमची आजी घड्याळ बघतच नाही. दिवस कासराभर वर आला, म्हणते.” कासरा म्हणजे काय, हे पुण्याच्या चौदा-पंधरा मुलांना माहीत नव्हतं. त्याने उठून हात पसरून दाखवला, बैलाचा दोर, एवढा. मग येमेनच्या मुलाने नमाजाच्या वेळा रोज कशा सरकतात ते सांगितलं. कुणाची भेट कशाने ठरायची, ‘जेवणवेळेला’, ‘दिवेलागणीला’, असं सुरू झालं. मी शेवटच्या बाकावर बसून होते.

तासाभराने पडद्यावर जर्मन वर्ग आला तेव्हा आमच्या कुणाला त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. मामांनी सव्वासहापर्यंत थांबायचं कबूल केलं, वडापावच्या बोलीवर.

या तासाचा पाठ-नियोजनात उल्लेख नाही. पुढच्या वर्षी मुद्दाम घालायला गेले तर होईल की नाही, शंका आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पत्रिका पूर्ण झाल्या. सुधारणा करताना मुलांनी एक गोष्ट शोधून काढली जी मला माहीत नव्हती. जर्मनीत राहायला गेलं की दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं पत्र लागतं. भारतात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी करायची, आणि त्यालाही राहत्या जागेचा पुरावा लागतो. दोन्हीकडे चौदा दिवस, दोन्हीकडे सगळं घरमालकाच्या हातात. पुण्याच्या पत्रिकेत खोली शोधण्याचा भाग बीडच्या मुलाने लिहिला. त्यात एक ओळ आहे: ‘पूर्ण नाव विचारतील. काय सांगायचं ते आधी ठरवून जा.’ जर्मन गटाने समासात विचारलं, याचा अर्थ काय? त्याने इंग्रजीत अर्धं पान उत्तर लिहिलं. उलट त्यांच्या एका मुलीने, जिचे आजोबा तुर्कस्तानातून आले होते, तिच्या शहरात फोनवर नाव सांगितल्यावर खोली कशी ‘नुकतीच गेली’ असते ते लिहिलं. हे दोघे आता परस्पर बोलतात, माझ्याशिवाय.

हिशेब: वह्या ११५०, झेरॉक्स ६४०, पत्ते ५६०, माइक-स्पीकर २३००, चहा-वडापाव ११८०. एकूण ५८३०. कॉलेजने वह्या आणि झेरॉक्सचे १७९० मंजूर केले. पत्त्यांच्या बिलावर कार्यालयातून शेरा आला, ‘शैक्षणिक साहित्य नाही.’ माइक डेड स्टॉक रजिस्टरला (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवायचा तर कोटेशनं हवीत, म्हणून तो कपाटात माझ्या नावाने आहे. खिशातून ४०४०.

१ डिसेंबर, सोमवार

पुढच्या सत्रासाठी: वह्या पहिल्या आठवड्यापासून चार रकान्यांच्या. कार्डबोर्डचे पत्ते तेच, पाण्यापासून जपायचे. ऑनलाइन भेटीची वेळ दोन्ही शहरांच्या घड्याळात लिहायची. अभ्यास मंडळाकडे ‘जात आणि संवाद’ असं पाचवं युनिट मागणारा अर्ज दिला आहे. पोचपावती मिळाली.

हजेरीची यादी मी हाताने नवी केली, पहिल्या नावानुसार. चार महिने तिच्यावरच चालले. आज परीक्षेची हॉल तिकिटं आली. ती संगणकातून येतात. इथिओपियाच्या मुलीने तिचं तिकीट घेतलं, वरचं नाव वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. आजोबा परीक्षेला बसणार होते. मी विचारलं, “दुरुस्तीचा अर्ज करायचा का?” तिने श्वास आत ओढला.